ओंबाळ

सपनानं उशी उचलली, उलटी केली आणि पुन्हा सासूच्या मानेखाली सरकवली.

"आता बरं वाटते, आत्याबाई?"

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हटलं, "ओंबाळ."

मग सपनानं खिडकी उघडली. खिडकी लावली. पांघरूण काढलं, परत घातलं. पाण्याचा पेला, गोळ्यांची पिशवी, भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो, एकेक वस्तू तिनं सासूच्या डोळ्यांसमोर नेली. कापडवाला गिऱ्हाइकापुढे साड्या टाकतो तसा सगळा प्रकार चालला होता, आणि गिऱ्हाईक काही केल्या राजी होत नव्हतं. शेवटी मनकर्णाबाईंनी चांगला राहिलेला डावा हात उचलून खाटेच्या कडेवर आपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वाटीतली दूध-भाकर तशीच राहिली.

दिवाळी सरता सरता त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जाताना ती एवढा एक शब्द मागे ठेवून गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी; कुणापाशी देवाचं नाव उरतं, कुणापाशी शिवी उरते. मनकर्णाबाईंपाशी 'ओंबाळ' उरला होता, आणि त्याचा अर्थ अख्ख्या नेरडीगोंड्यात कुणाला ठाऊक नव्हता.

अर्थ सांगणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. सपनाची मुलगी उत्कर्षा कॉलेजात तेलुगूतून शिकत होती. तिनं सरांना विचारलं, सर म्हणाले, तेलुगू नाही, उर्दू असेल. मेडिकलवाला म्हणाला, उर्दू तर मुळीच नाही. बाजारात सपनाच्या शेजारी बसणाऱ्या म्हातारीनं छातीठोकपणे सांगितलं की ती नार्नूरकडची एक देवी आहे आणि तिला नारळ राहिलेला आहे. नारळ फोडला. सपनाचा नवरा जीवन म्हणाला, आई अंबाडीची भाजी मागत असेल. चार पिढ्या भाजीपाला पिकवणाऱ्या घराला पहिल्यांदाच भाजी विकत आणावी लागली. मनकर्णाबाईंनी पहिलाच घास थुंकला.

तेव्हापासून त्यांनी जेवणच तोडलं होतं. दोन घास घेत आणि तोंड घट्ट मिटून टाकत. सपना वाटी पुढे करी, त्या म्हणत, ओंबाळ. सपना विचारी, म्हन्जे काय वो, आत्याबाई, आणि त्या तिच्याकडे अशा पाहत की जणू मंदबुद्धी सपनाच आहे.

या दोघींचं तसंही विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, कुठल्या वाफ्यात टाकायचा इथपासून चहात साखर किती इथपर्यंत एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. सपना तोंडाची फटकळ होती, सासू तिच्याहून दोन बोटं वरचढ. पण कामात सुनेला नाव ठेवायला मनकर्णाबाईंनाही जागा मिळाली नव्हती, आणि याचा सपनाला मनातून फार गर्व होता. आता वाडीतली तोडणी, हायवेवरचं दुकान, चूल आणि सासूचं सगळं अंथरुणातलं, असं चारी बाजूंनी काम आलं होतं. तिनं कुणापुढे हूं की चूं केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "माहं सगळं जागच्या जागी हाय."

अशातच आदिलाबादहून नणंद आली. प्रणितानं आईचे गाल पाहिले, हात पाहिले, आणि रडून झाल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली,

"वैनी, आईले इथं काहीतरी कमी पडून राह्यलं. ती सांगून राह्यली, आन तुमाले समजून नाही राह्यलं."

"मंग तुमी समजून सांगा ना, ताई."

"मले एवढं समजते का ती उपाशी हाय. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो आन तिले घेऊन जातो."

जीवन आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. बायको आणि बहीण यांच्यामध्ये तो नेहमी तिथंच पाहायचा.

खरं तर सपनाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपल्या घरातलं माणूस आपल्या हातून उपाशी राहिलं म्हणून दुसऱ्यानं उचलून न्यायचं, ही गोष्ट तिला चार लोकांत थोबाडीत बसल्यासारखी लागली. आणि त्याहूनही एक वेगळी टोचणी होती. एवढी वर्षं जिच्याशी शब्दाला शब्द देऊन भांडलो, तिच्या तोंडात शेवटी एकच शब्द राहिला आणि तोही आपल्याला कळू नये? रात्रीच्या भाकरी थापताना ती तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणून पाही. ओंबाळ. जिभेला बरा लागे. पण मनाला काही दिसत नसे.

"मामाजीले इचारा ना," ती जीवनला म्हणाली. "त्यांच्या गावचा असन शब्द."

फकिरामामा म्हणजे मनकर्णाबाईंचे धाकटे भाऊ. नार्नूरच्या पुढे डोंगराच्या कडेला त्यांचं गाव, आणि तिथं फोन लागण्यापेक्षा माणूस पायी लवकर पोचावं अशी परिस्थिती. जीवन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन कानाला लावून ओरडत फिरला. मग चेहरा उजळून आत आला.

"समजलं! गवत कापताना म्हनत थे. मामाच्या गावात डोंगरावरचं गवत कापाले जात ना सगळे, त्यात कोनी मागं पडलं का ओंबाळ म्हनत."

"मागं पडलं का?"

"हो. म्हन्जे मदत मागत. आवाज तुटून राह्यला होता, पन एवढं बराबर ऐकलं मी."

मग काय, घरात मदतीचा पूर आला. शेजारच्या गल्लीतल्या शीतलला दिवसभरासाठी ठेवलं. मनकर्णाबाई डाव्या हातानं स्वतः दात घासू लागल्या होत्या, ते बंद झालं. शीतल घासून देऊ लागली. कूस बदलून देणं, केस विंचरून देणं, घोट घोट पाणी पाजणं, सगळं त्यांनी मागायच्या आत होऊ लागलं. सगळा मामला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा होता, पण हे कळणार कुणाला? सपनानं आपली कामं तशीच ठेवून शीतलच्या जोडीला दुप्पट केलं. दुकान लावून यायची, पेज करायची, खाटेपाशी उकिडवी बसायची, पुन्हा दुकानाकडे पळायची.

गुरुवारी ती अशीच धापा टाकत आली आणि वाटी घेऊन बसली. मनकर्णाबाईंनी डावा हात असा झटकला की वाटी भिंतीवर गेली.

"ओंबाळ!"

शीतल घाबरून मागे सरली. सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ती काहीतरी फाडकन बोलणार होती. पण तिचं सासूकडे लक्ष गेलं. मनकर्णाबाई वाटीकडे पाहत नव्हत्या. भिंतीवरून ओघळणाऱ्या पेजेकडेही नाही. त्या सपनाच्या हातांकडे पाहत होत्या. तोडणीनं, काट्यांनी आणि राखेनं त्या हातांची जी काही दशा झाली होती, ती सपनानंही मग पहिल्यांदाच नीट पाहिली.

"मीच जाऊन येतो मामाजीकडं," ती रात्री जीवनला म्हणाली.

"आता? दुकान हाय, आई हाय..."

"शीतल हाय ना. आन बायांले बस फुकट हाय. तुमचं काय चाललं?"

उटनूरला बस बदलून, मग जीपमध्ये माणसांच्या मांड्यांवर जवळपास बसूनच ती फकिरामामांच्या अंगणात उतरली तेव्हा ते शेळीच्या पिल्लाच्या पायातला काटा काढत होते. भाचसून एकटी आलेली पाहून त्यांचा हात थांबला.

"मनकर्णा...?"

"बऱ्या हायेत, मामाजी. तसं काही नाई. मी एका शब्दासाठी आली."

मामांनी पिल्लू सोडलं आणि खो खो हसले. "शब्दासाठी! आमच्या गावात पोरीसाठी येतात, बैलासाठी येतात. शब्दासाठी तूच पयली."

मामींनी चहा टाकला. सपनानं सगळं सांगितलं: नारळ, अंबाडी, शीतल, भिंतीवरची वाटी. रविवारी गाडी येणार आहे तेही सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज नको तितका कडक झाला. मामा ऐकत राहिले. मग उठून त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि अंगणाच्या मातीत शेजारी शेजारी लांब रेघा ओढल्या.

"ह्या पाती. एका मानसाची एक पात. ह्या पातीत तू उभी राह्य. हं. ह्या बाजूच्या पातीत मी. समोर गवत हाय असं समज, आपल्या डोक्याएवढं. शेजारचा दिसत नाई. नुसता इळ्याचा आवाज ये."

सपना काखेतली पिशवी सांभाळत पातीत उभी राहिली. मामी दारातून हसत होत्या.

"वरती लाकडाच्या माळ्यावर मुकादम बसे. आजीच्या वेळेस जागीरदाराचा, आमच्या वेळेस ठेकेदाराचा. त्याले वरून मानसं दिसत नोती. फक्त कापल्याची कड दिसे. थे कड सरळ पाह्यजे. कोन्या एकाची पात मागं राह्यली का त्या कडेत खाच दिसे, आन मुकादम ध्यानात ठेवे. दुसऱ्या दिवशी त्या मानसाले परत पाठवत. आता मानूस हाय, कोनी बिमार, कोनी पोटुशी, कोनाचं लेकरू रातभर रडलं. मागं तं पडनारच."

"मंग थो म्हने, ओंबाळ," सपना म्हणाली.

"कोन?"

"मागं पडलेला. मदत पाह्यजे म्हनून."

"छ्या!" मामांनी काठी जमिनीवर आपटली. "त्यानं तोंड उघडाचंच नाई. मी मागं पडलो असं सांगाची कोनाले हौस असते वं? आन त्याच्याकडून वदवून घ्याचं, हे तं लयच वाईट. शेजारच्यानं ओळखाचं. इळ्याचा आवाज हळू झाला का समजे. मंग शेजारचा आपल्या पातीतून असा हात लांब करे..." मामांनी काठी सपनाच्या पातीत घातली आणि माती आपल्या बाजूला ओढली. "तिच्यातलं थोडं कापून घे, आन म्हने, ओंबाळ. म्हन्जे तुह्यातलं थोडं मी घेतलं, तू चाल पुढं. झालं. तिच्याकडं पाहाचं नाई. तिनंही काही बोलाचं नाई, उपकार-बिपकार काही नाई. नुसतं कापत राहाचं."

सपना त्या ओढलेल्या मातीकडे पाहत राहिली.

"मंग नाव घेऊन काऊन नाई म्हनत, का तुह्यातलं घेतो म्हून?"

"नाव? अवं, पातीत कोनाची सासू, कोनाचा भासरा, थोरला दीर. नाव कसं घेशीन? आन मुकादमाले ऐकू गेलं तं? त्याले वाटे गानं म्हनून राह्यले. गवताचं एक गानं होतं पयले, त्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी ओंबाळ, ओंबाळ ये. त्याचा अर्थ काहीच नाई. आपन पोराले झोकाताना नाई का हूं-हूं करत? तसं. मंग गान्याच्या आडून लोकायनं त्याले कामाले लावलं."

"थे गानं येते तुमाले?"

मामांनी तोंड उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मिटलं. "नाई येत. मनकर्णाले येत होतं." मग ते बाजेवर बसले. "तिच्याइतका चालता हात कोनाचाच नोता, पाहा. माही बहीन हाय म्हनून नाई सांगत. स्वतःची पात कापून इकडची थोडी घे, तिकडची थोडी घे. दिवसभर तिचं ओंबाळ, ओंबाळ चालू. बाया तिच्या शेजारची पात मिळावी म्हनून भांडत."

"आन त्यायले कोनी म्हनलं का, मामाजी? ओंबाळ?"

"तिले कोन म्हननार? ती मागं पडलीच नाई कधी."

सपना पातीतच उभी होती. तिला एकदम सासूची नजर दिसली, आपल्या हातांवर खिळलेली. सकाळ-संध्याकाळ, उशी उलटी करताना, पेज पाजताना, धापा टाकत येताना त्या बाईनं सुनेच्या पावलांचा आवाज हळू झालेला ऐकला होता. अर्धं अंग खाटेला जखडलेलं असताना ती रोज हात लांब करत होती, आणि आपण त्या हातात कधी फोटो देत होतो, कधी नारळाचा तुकडा. सपनाला हसू येईना आणि रडूही येईना. तिला तर थोडा रागही आला. मी मागं पडली, हे तुमाले कोनी सांगितलं?

"चहा घे अजून," मामा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते वळून शेळ्यांना हाकलू लागले, आणि शेळ्या तर बिचाऱ्या आपल्या जागी गुमान बसलेल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी वाडीतून वांगी आली. वांगी निवडणं म्हणजे किडकी बाजूला, लहान एकीकडे, मोठी एकीकडे. एरवी सपना ते काम मागच्या अंगणात एकटीनं उरकायची. त्या दिवशी तिनं जीवनला हाक मारली, दोघांनी मिळून मनकर्णाबाईंना भिंतीला टेकवून बसवलं, आणि सपनानं वांग्यांचा ढीग त्यांच्या आणि आपल्या मध्ये ओतला. ती काही बोलली नाही. न बोलणं तिला किती जड गेलं हे तिचं तिलाच ठाऊक. सांगायचं तर पुष्कळ होतं. पण मागे पडलेल्यानं तोंड उघडायचं नसतं.

मनकर्णाबाईंनी ढिगाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग डावा हात हळूच पुढे आला, एक वांगं उचललं, देठाजवळ अंगठ्यानं दाबलं आणि बाजूला टाकलं. किडकं होतं. सपनानं ते चांगल्यात टाकलं असतं.

"ओंबाळ," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी खाल्ली, आणि शीतलच्या हातून वाटी काढून घेऊन आपल्या हातानं खाल्ली. अर्धी अंगावर सांडली. कुणी पुसायला गेलं नाही.

रविवारी प्रणिता ठरल्याप्रमाणे आली. गाडीत मागच्या सीटवर गादी घातलेली होती. ती अंगणात आली आणि पाहतच राहिली. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर गोणपाट, समोर वांग्यांचा ढीग, हाताला माती. शेजारी वहिनी.

"वैनी! आजारी बाईले कामाले लावलं तुमी?"

जीवनची नजर पायाच्या अंगठ्याकडे गेली.

"दादा, तू तरी पाहा ना! लोक काय म्हनतीन? अर्धं अंग गेलं तिचं, आन हे तिच्याकडून वांगे निवडून घेऊन राह्यले!" प्रणिता पुढे झाली, आईच्या समोरचा ढीग ओढू लागली. "आन इकडं, मी करतो. चल आई, माह्या घरी चल. तुले एका काडीले हात नाई लावू देनार मी."

मनकर्णाबाईंनी तळहात ढिगावर पसरला आणि दाबून ठेवला. प्रणितानं ओढलं. हात हलला नाही. आई या वयात, या अवस्थेत एवढा जोर लावू शकते हे पाहून ती खालीच बसली, नव्या साडीनिशी.

सपना एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी बाई. ती मान खाली घालून वांगी निवडत राहिली. तिच्या पुढ्यातला ढीग अजून बराच होता. पहाटेपासून दोनदा वाडीत जाऊन आल्यामुळे हात जडावले होते. मनकर्णाबाईंनी प्रणिताकडे लक्ष दिलं नाही. त्यांचा हात लांब झाला, सुनेच्या ढिगात गेला आणि मूठभर वांगी आपल्याकडे घेऊन आला.

"ओंबाळ."

"पाहा, पाहा! आताही म्हनून राह्यली." प्रणिताच्या आवाजात रडू होतं. "काय मागून राह्यली ती, वैनी? तुमाले अजून समजलं नाई?"

"ती काही मागून नाई राह्यली, ताई," सपना म्हणाली. "पयल्या दिवसापासून नाई. थे तं..."

हातातलं वांगं हातातच राहिलं आणि इतक्या दिवसांत कुणासमोर न आलेलं रडू सगळ्यांसमोर आलं. प्रणिता घाबरून तिच्या तोंडाकडे पाहू लागली. जीवननं मान वर केली.

फक्त मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी नजर वांग्यांवर ठेवली, डावा हात पुन्हा पुढे नेला, आणि सुनेच्या पुढ्यात उरलेला ढीग हळूहळू सगळाच आपल्याकडे ओढून घेतला.